पेन्सिलीची फुली

एकतीस वर्षे मी बँकेत काढली आणि त्यांतली निदान पंचवीस वर्षे माझ्या टेबलावर टोक काढलेली एक पेन्सिल कायम असे. तिचे काम एकच होते. कर्जाच्या कागदांचा गठ्ठा समोरच्या माणसापुढे सरकवण्याआधी जिथे जिथे त्याची सही हवी असेल तिथे बारीकशी फुली मारून ठेवायची. मग "इथे, इथे, आणि मागच्या पानावर इथे" एवढे म्हटले की काम भागत असे. सही येत नसेल तर शाईचा पॅड पुढे करायचा, समोरच्याचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरून किंचित फिरवत उमटवायचा आणि खाली, मजकूर वाचून व समजावून सांगितला असून तो मान्य आहे, अशा अर्थाचा रबरी शिक्का उठवायचा. तो शिक्का मी किती हजार वेळा उठवला असेल याची गणती नाही. मजकूर मात्र खरोखर किती वेळा वाचून दाखवला, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. संध्याकाळी खोडरबराने फुल्या पुसून टाकायच्या, म्हणजे ऑडिटच्या वेळी कागद स्वच्छ दिसत.

निवृत्तीनंतर ती पेन्सिल मी विसरून गेले होते. ती पुन्हा आठवली चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, जिथे माझी लेक नोकरीनिमित्त राहते आणि जिथे मी तिच्याकडे तीन महिने राहायला गेले होते. कशी आठवली हे सांगण्यासाठी आधी एका दुकानात शिरावे लागेल.

पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या एका मोठ्या दुकानात मी एकटीच भाजी आणायला गेले, तर दाराशी उभा असलेला रखवालदार माझ्या मागे मागे चालू लागला. मी टोमॅटोपाशी थांबले की तो बटाट्यांपाशी थांबे, मी दुधाकडे वळले की तोही त्याच ओळीत काहीतरी न्याहाळू लागे. पैसे देऊन झाल्यावर त्याने माझी कापडी पिशवी उघडून दाखवायला सांगितली. घरी येऊन हे लेकीला सांगितले, तर ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, बाहेर जाताना टिकली लावत जा, आणि जमलं तर पंजाबी ड्रेस घाल. जीन्स-जाकिटात त्यांना तू रोमा वाटतेस." रोमा म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो ते, हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघून युरोपात गेलेले लोक. लेकीच्या ऑफिसातल्या भारतीय मुलांचीही अशीच काहीतरी युक्ती होती; काहीजण कंपनीचे ओळखपत्र शनिवार-रविवारीही गळ्यातून काढत नसत. मी टिकली लावू लागले आणि रखवालदार मागे येईनासा झाला. जिला टिकली लावून सुटता येत नाही त्या बाईचे काय, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही, हे कबूल करायला हवे. सुटल्याचे समाधानच मोठे होते.

मराठीत आपण 'जिप्सी' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक मोकळाढाकळा, गाणारा, कुठेही न गुंतणारा माणूस उभा राहतो. नाहीतर जंगल सफारीची उघडी गाडी. युरोपात राहणाऱ्या सुमारे एक कोटी ते एक कोटी वीस लाख रोमांशी या चित्राचा संबंध फार थोडा आहे. त्यांतले बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या एका जागी घर करून राहणारे आहेत. ते भटके आहेत म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही. उलट, हाकलत राहिल्यामुळे त्यांतल्या काहींना भटके राहावे लागले, असे इतिहास पाहिल्यावर मला वाटू लागले.

एका संध्याकाळी त्सेल रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी एका आजीबाईंच्या शेजारचे आसन रिकामे होते. मला गुडघ्यांचा त्रास आहे, मी बसले. मागून लेक हळूच मराठीत म्हणाली, "पर्स पुढे घे." आजीबाईंच्या मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा होता, कंटाळलेला. तो कुरकुरत म्हणाला, "दे मन पानी." मी चमकून वळले. आजीबाईंनी पिशवीतून बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. मला राहवले नाही, मी बोट दाखवून "पाणी?" एवढेच विचारले. त्यांनी माझ्या टिकलीकडे पाहिले, "इंडिया" म्हणाल्या, हसल्या आणि तीच बाटली माझ्यापुढे धरली. मी घोटभर प्याले. घरी पोहोचल्यावर लेकीने विचारलेला पहिला प्रश्न होता, "तू त्यांचं उष्टं पाणी प्यायलीस?"

त्यानंतर मी हौसेने रोमानी शब्द गोळा करू लागले. कानाला कान, नाकाला नख, केसांना बाल, भुकेला बोख. सूर्याला ते खाम म्हणतात. मूळ शब्द संस्कृत 'घर्म', आपण उन्हाने अंगावर जे येते त्याला घाम म्हटले आणि त्यांनी ऊन देणाऱ्यालाच. द्राक्षाला द्राख. ख्रिस्ती क्रूसाला त्रुशुल, आणि धर्मगुरूला राशाय, म्हणजे आपला ऋषी. सहापर्यंतचे आकडे ओळखीचे, सात-आठ-नऊ मात्र वाटेत ग्रीकांकडून घेतलेले, आणि रस्त्यासाठीचा शब्दही, द्रोम, ग्रीकच. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने जे गीत आपले म्हणून स्वीकारले त्याचा पहिला शब्द 'गेलेम', आणि त्याचा अर्थ 'गेलो'. भाषेचे अभ्यासक सांगतात की त्यांचा तो 'ल' आणि आपला 'ल' वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. पण कानाला हे कोण समजावणार?

या शब्दांनी मी हरखून गेले होते, आणि नेमका तोच हरखलेपणा मला नंतर संशयास्पद वाटू लागला. त्याच परिषदेत रोमांच्या निळ्या-हिरव्या झेंड्यावर अशोकचक्राची आठवण करून देणारे सोळा आऱ्यांचे लाल चाक आले. १९८३ साली चंडीगडच्या रोमा महोत्सवाला इंदिरा गांधी गेल्या होत्या. २०१६ साली दिल्लीतल्या परिषदेत सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरे म्हटले. हे सगळे ऐकायला गोड आहे, पण या नात्यासाठी आपल्याला काहीच द्यावे लागत नाही. हजार वर्षांपूर्वी निघून गेलेल्या भावाला घर भाड्याने द्यायचे नसते, त्याच्या मुलाला आपल्या मुलाच्या बाकावर बसवून घ्यायचे नसते. शिवाय युरोपातले जे लोक त्यांना "भारतात चालते व्हा" म्हणून हिणवतात, त्यांच्या हातात आपण नकळत एक दगड ठेवतो, तो वेगळाच. ओस्ट्रावा या चेक शहरात जन्मलेल्या मुलाला भारताशी काय देणे-घेणे? त्याला ओस्ट्राव्यातली शाळा हवी असते.

ब्रनोमध्ये, ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावर, रोमा संस्कृतीचे संग्रहालय आहे. १९९१ साली काही रोमा आणि त्यांच्या मित्रांनी ते स्थापन केले, आज ते सरकारी संस्था आहे. आजूबाजूच्या वस्तीला शहरातले लोक, न्यूयॉर्कच्या बदनाम भागावरून, 'ब्रनोचे ब्रॉंक्स' म्हणतात आणि तिकडे जायचे म्हटले की लेकीच्या शेजारीण बाईंच्या कपाळावर आठी येते. मी तिथे तीनदा गेले. लेटीविषयी पहिल्यांदा तिथेच नीट कळले. दक्षिण बोहेमियातल्या या गावाजवळ १९४२-४३ मध्ये रोमांसाठी छावणी होती, आणि तिच्यावर पहारा जर्मनांचा नव्हे तर चेक शिपायांचा होता. सुमारे १,३०० माणसे तिथे डांबली गेली. तीनशेहून अधिक तिथेच मेली, पाचशेहून अधिक औशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवली गेली. १९७० च्या दशकात छावणीच्या जागेला लागून डुकरांचे मोठे फार्म बांधले गेले. पुढे समाजवादी राजवट गेली, लोकशाही आली, देश युरोपीय संघात गेला, तरी डुकरे जागची हलली नाहीत, कारण फार्म विकत घेण्याचा खर्च प्रत्येक सरकारला जड वाटत होता. ते विकत घेण्याचा करार २०१७ साली झाला, पाडायला २०२२ साली सुरुवात झाली आणि स्मारक २०२४ साली खुले झाले. चेक भूमीवरचे बहुतेक सगळे रोमा त्या युद्धात संपले. आज जे तिथे दिसतात ते बहुतांशी युद्धानंतर स्लोव्हाकियातून कारखान्यांत आणि खाणींत कामाला आलेल्यांची मुले, नातवंडे आणि पतवंडे आहेत.

आता लेकीच्या घरचे जेवणाचे टेबल, जिथे मला ती पेन्सिल आठवली. माझा नातू तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. घरी मराठी, कार्टून इंग्रजीत आणि बालवाडीत चेक, अशा तीन भाषांत तो वाढत होता आणि बालवाडीत फारसा बोलत नव्हता. त्याच्या शिक्षिकेने, अत्यंत प्रेमळ बाई, लेकीला सुचवले की शाळेत घालण्याआधी त्याला शैक्षणिक-मानसशास्त्रीय सल्ला केंद्रात एकदा तपासून घ्यावे. बरोबर संमतीचा अर्ज दिला, चेक भाषेत, साडेतीन पानांचा. तिसऱ्या पानाच्या तळाशी, लेकीची सोय व्हावी म्हणून, पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारलेली होती.

लेकीने फोन समोर धरून एकेक ओळ भाषांतरित करून वाचली. ऑफिसातल्या चेक सहकाऱ्याला दोन शंका विचारल्या. केंद्राला ईमेल लिहून, चाचणीच्या वेळी मुलाची भाषा जाणणारे कुणी असेल का, आणि नसेल तर निष्कर्ष कसा काढणार, असे विचारले. मग सही केली. नातवाला तपासले गेले, आणि त्याच्या अडखळण्याला 'बहुभाषिक' असे नाव मिळाले. शाळा एक वर्ष उशिरा सुरू करा, असा सल्ला आला. तिथे हे अगदी सर्रास केले जाते, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच आठवड्यात संग्रहालयातल्या एका तरुण मुलीने मला ओस्ट्राव्याच्या खटल्याविषयी सांगितले आणि मी रात्री बसून तो निकाल वाचून काढला. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला निकालपत्र वाचायला कादंबरीपेक्षा सोपे जाते.

ओस्ट्रावा हे ब्रनोच्या ईशान्येचे, पोलंडच्या सीमेजवळचे, कोळशाचे आणि पोलादाचे शहर. १९९६ ते १९९९ या काळात तिथल्या १८ रोमा मुलांना 'विशेष शाळां'मध्ये घातले गेले. या शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी होत्या. अभ्यासक्रम पातळ केलेला, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे काही ठरावीक हातकामांच्या प्रशिक्षणापलीकडे फारशी दारे उघडी नसत. कायद्याकडे पाहिले तर बोट ठेवायला जागा नव्हती. सल्ला केंद्रात चाचणी होई, ती सगळ्या मुलांना सारखीच असे. मुख्याध्यापक निर्णय देत. आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कुणालाही विशेष शाळेत पाठवले जात नसे. 'रोमा' हा शब्द नियमांत कुठेही नव्हता. फक्त निकाल मोजायला बसले की आकडे बोलू लागत: शहरातल्या प्राथमिक शाळांच्या एकूण मुलांत रोमा मुले अवघी २.२६ टक्के, आणि विशेष शाळांतल्या १,३६० मुलांत रोमा ७६२, म्हणजे ५६ टक्के. रोमा मूल विशेष शाळेत जाऊन पडण्याची शक्यता इतर मुलाच्या २७ पट होती. मोजदाद सरकारने केलेली नव्हती, ती मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी शाळाशाळांतून आकडे मिळवून केली होती. वंशानुसार आम्ही नोंदच ठेवत नाही, हे सांगणे शासनव्यवस्थांना फार सोयीचे पडते.

देशातल्या घटनात्मक न्यायालयाने १९९९ साली मुलांचे म्हणणे फेटाळले. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २००६ साली ती पुन्हा हरली. मग त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठासमोर प्रकरण गेले आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी तेरा विरुद्ध चार मतांनी मुले जिंकली. एखाद्या नियमामागे हेतू वाईट असल्याचे सिद्ध झाले नाही, तरी त्याचा भार एकाच समाजावर बेहिशेबी पडत असेल तर तो भेदभावच होय आणि असे आकडे समोर आल्यावर खुलासा देण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे न्यायालय म्हणाले. शाळेच्या बाबतीत युरोपात हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच म्हटले गेले.

पण मी ज्या परिच्छेदापाशी अडकले तो संमतीविषयीचा होता. सरकारचा बचाव असा की आईबापांनी स्वतः सह्या केल्या आहेत, काहींनी तर स्वतःहून विशेष शाळा मागितली. हा बचाव अगदीच खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो मला अजून टोचतो. एखादी आई काय पाहत असेल? आपण स्वतः तिथेच शिकलो, बहिणीची मुले तिथेच जातात, शाळा घराजवळ आहे, तिथे त्याला कुणी रंगावरून चिडवणार नाही. नेहमीच्या शाळेत तो वर्गात एकटा पडेल, मागच्या बाकावर बसेल, आणि वर्षाअखेरीस नाहीतरी त्याला इकडेच पाठवतील. शिक्षिका रागावून नव्हे, मायेने सांगते आहे की त्याला इथे झेपेल. मग ती सही करते. न्यायालयाला काही प्रकरणांत असे आढळले की ही संमती म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या छापील अर्जावरची सही एवढीच होती, आणि दुसरा पर्याय काय आहे, या शाळेत गेल्यावर पुढे काय होते, याविषयी त्या कागदावर चकार शब्द नव्हता. फुलीचा उल्लेख निकालात नाही. मला ती दिसली.

न्यायालयाने पुढे जाऊन असेही म्हटले की आपल्याशी वंशावरून भेदभाव केलेला चालेल, अशी संमती कुणालाही देताच येत नाही. तो हक्क सोडून देण्याजोगा नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, तो दस्तऐवज सहीमुळे वैध ठरत नाही. प्रत्येक मुलाला ४,००० युरो मिळाले. तोवर ती मोठी झाली होती, शाळेचे वय उलटून गेले होते. आणि ज्या 'विशेष शाळां'विरुद्ध निकाल लागला त्या नव्या शिक्षण कायद्याने आधीच बंद झालेल्या होत्या, म्हणजे त्यांच्या दारावरची पाटी बदललेली होती. इमारत तीच, शिक्षक तेच, मुलेही बरीचशी तीच. २०१४ साली युरोपीय आयोगाने याच कारणासाठी चेक प्रजासत्ताकाविरुद्ध कारवाई सुरू केली, मग स्लोव्हाकियाविरुद्ध, मग हंगेरीविरुद्ध. कायदे पुन्हा बदलले, काही मुले नेहमीच्या शाळांत गेली, आणि काही शाळांमधून बिगर-रोमा आईबापांनी आपली मुले काढून घेतली, की झाली ती शाळा आपोआप वेगळी. यासाठी कोणाच्या सहीचीही गरज लागत नाही.

दुसरी सही यापेक्षा भयंकर आहे. चेकोस्लोव्हाकियात १९७० च्या दशकापासून रोमा स्त्रियांच्या नसबंदीला सरकारी उत्तेजन होते. समाजकल्याण खात्याची माणसे पैशाचे आमिष दाखवत, कधी मुले काढून नेण्याची भीती घालत. 'चार्टर ७७' या असंतुष्टांच्या गटाने १९७८ सालीच हे लिहून उघड केले होते. राजवट बदलली तरी प्रकार पूर्ण थांबला नाही. ओस्ट्राव्याच्या एलेना गोरोलोव्हा यांना १९९० साली, दुसऱ्या बाळंतपणाच्या सिझेरियनच्या वेळी एक कागद पुढे करून सही घेतली गेली. त्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या आणि कशावर सही केली हे त्यांना नंतर कळले. पुढची तीस वर्षे त्या अशाच बायकांना गोळा करून दारोदार हिंडल्या.

स्लोव्हाकियातल्या एका स्त्रीचा खटला, जिला निकालात फक्त आद्याक्षरांनी ओळखले आहे, मी दोनदा वाचला. ऑगस्ट २०००, सरकारी रुग्णालय, वय वीस, दुसरे बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. तिला सांगितले गेले की पुढच्या वेळी तू तरी जाशील किंवा मूल तरी, आणि "नसबंदीची विनंती रुग्ण करीत आहे" असे टंकलेले वाक्य पुढे ठेवले गेले. त्या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. निकालपत्रात नोंद आहे की सहीतले अक्षर थरथरलेले आहे आणि तिचे माहेरचे आडनाव मधेच तुटून दोन तुकड्यांत लिहिले गेले आहे. मी अशा सह्या पाहिल्या आहेत. ज्याला सवय नाही तो माणूस घाईत सही करतो तेव्हा नाव असेच तुटते. आम्ही तेवढ्यावरून सही नमुन्याशी जुळत नाही म्हणून धनादेश परत केले आहेत, पण कर्जाच्या कागदावर ती तुटकी सही चालवून घेतली आहे. त्याच रुग्णालयाच्या नोंदीत तिच्याविषयी आणखी एक ओळ होती: रुग्ण रोमा वंशाची आहे. २०११ साली त्याच युरोपीय न्यायालयाने तिला अमानुष वागणूक मिळाल्याचे मान्य केले, ३१,००० युरो द्यायला लावले. भेदभाव झाला की नाही, यावर मात्र वेगळा निष्कर्ष देण्याची गरज नाही, असे ठरवले. ती ओळ कागदावर असूनही.

चेक सरकारने २००९ साली खेद व्यक्त केला आणि २०२१ साली भरपाईचा कायदा झाला, प्रत्येकीला तीन लाख क्राउन. त्यासाठी अर्ज करायचा, आणि आपली नसबंदी बेकायदा झाली हे दाखवायचे. कित्येकींच्या बाबतीत रुग्णालयांनी जुन्या फायली मुदत संपली म्हणून नष्ट केल्या होत्या, आणि कागद नाहीत म्हणून अर्ज फेटाळले गेले. ज्या कागदावरच्या सहीने त्यांचे सर्वस्व नेले तो कागद, त्यांच्या उपयोगी पडण्याची वेळ आली तेव्हा, रद्दीत गेलेला होता.

कागद आणि रोमा यांचे हे नाते जुने आहे. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने फिरस्त्या माणसाला, वय तेरा पूर्ण झाले की, एक वही जवळ बाळगावी लागे, जिच्यात त्याचे फोटो, बोटांचे ठसे आणि शरीराची मापे असत, आणि गावात येताना-जाताना तिच्यावर शिक्का घ्यावा लागे. १९६९ साली वही बदलली, नाव बदलले, शिक्के राहिले. शेवटची वही रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. जर्मनीत तर युद्ध संपून जवळजवळ अकरा वर्षे झाल्यावर, १९५६ साली, तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की १९४३ पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वांशिक छळ नव्हता, त्यांच्या गुन्हेगारी वृत्तीचा तो बंदोबस्त होता. त्या निकालाबद्दल न्यायालयाच्या अध्यक्षांनी माफी मागितली ती २०१५ साली. हे वाचताना मला परकेपणा वाटला नाही, कारण जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याचे वाक्य आपल्याकडे १८७१ सालीच कायद्यात लिहिले गेले होते. पारधी, कैकाडी, भामटे, किती नावे. ती यादी ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाली म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचे, आणि पोलिसांनी मात्र चोरी झाली की पहिल्यांदा त्यांच्याच पालावर जायचे.

माझी काही वर्षे सोलापूरच्या शाखेत गेली. तिथल्या सेटलमेंटला, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्यासाठी सरकारने उभारलेल्या वस्तीला, एके काळी काटेरी तारांचे कुंपण होते, आतल्या माणसांना हजेरी द्यावी लागे आणि गिरण्यांत कामाला जावे लागे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्याविषयी कुणी बोलत नसे. नव्वदीच्या दशकात एका दुपारी, रोखीचे काम बंद व्हायला थोडाच वेळ असताना, त्याच वस्तीतली एक म्हातारी नातवाच्या हातगाडीसाठी काढलेल्या छोट्याशा कर्जाच्या कागदांवर अंगठा द्यायला आली. मी फुल्या मारून ठेवल्या होत्या. पॅड पुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

"आधी वाचून दाखव, बाई," ती म्हणाली.

"आजी, नेहमीचेच कागद आहेत. सगळे देतात."

"माझ्या बापाच्या दाही बोटांचे ठसे घेतले होते सरकारनं. कशावर घेतले, ते त्याला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. तू वाच."

मागे रांग होती. मला रागच आला होता, खोटे कशाला सांगू. पण तिच्या आवाजात भांडण नव्हते, आणि भांडण नसले की नाही म्हणणे अवघड जाते. मी वाचू लागले. इंग्रजी मजकूर, त्याचे तिथल्या तिथे मराठी करायचे, म्हणजे एकेका कलमाला दोन मिनिटे. ती प्रत्येक वाक्यानंतर मान हलवी, आणि कळले नाही की बोट वर करून थांबवी. दुसऱ्या पानावर कर्जाच्या रकमेतून विम्याचा हप्ता आधीच कापून घेण्याचे कलम आले.

"हा विमा कशाचा?" तिने विचारले. "गाडीचा का माझा?"

मी ते कलम मनातल्या मनात पुन्हा वाचले, मग आणखी एकदा. रांगेतून कुणीतरी म्हणाले, "आजे, दे की अंगठा, बंद होईल खिडकी." तिने हात पदराखाली घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी कागद उचलून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावून कलम वाचले, पान उलटून मागे पाहिले, आणि मला विचारले, "खरंच, कशाचा आहे हो हा?"